कोडला पुन्हा हात लावला, म्हणजे रीवर्क झालं का?



आजचा विषय सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांच्या रोजच्या भांडणातला आहे. पण ज्यांनी कोडची एक ओळही कधी लिहिली नाही, त्यांनीही व्हिडिओ बंद करू नका. शिंपी, गवंडी, मूर्तिकार या सगळ्यांना हाच प्रश्न पडतो. प्रश्न असा: एकदा लिहून झालेल्या कोडमध्ये नंतर बदल केला, तर त्याला रीवर्क म्हणायचं का?

इथे कोलकात्यात सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये जा, नाहीतर पुण्यात हिंजवडीला जा, टाइमशीट सगळीकडे भरावी लागते. आठ तास कशात गेले ते लिहायचं. नवीन काम, टेस्टिंग, मीटिंग, आणि अनेक ठिकाणी एक रकाना असतो, 'रीवर्क'. महिन्याच्या शेवटी या रकान्यांची बेरीज होते, तिचा तक्ता बनतो आणि तो मोठ्या पडद्यावर दाखवला जातो. रीवर्कचा आकडा वाढला की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. या एका शब्दावर तिघांचे पैसे अवलंबून असतात. कोड लिहिणाऱ्याचं अप्रेझल त्यावर ठरतं. रक्कम आधीच ठरवून घेतलेलं काम असेल, तर बदलाचा खर्च कंपनीने सोसायचा की ग्राहकाने, हेही त्यावर ठरतं. आणि पुढच्या कामाचा अंदाज बांधताना किती दिवस मागायचे, तेही. म्हणून शब्द नीट तपासून घेऊ.

हा शब्द सॉफ्टवेअरने कारखान्यातून उचलला. लेथवर एक दांडा कापला, मापात एक मिलिमीटर जास्त राहिला, तपासनिसाने परत पाठवला, पुन्हा मशीनवर चढवून मापात आणला. हे रीवर्क. गुणवत्तेच्या आयएसओ ९००० मालिकेतली व्याख्याही याच अर्थाची आहे: जी वस्तू ठरलेल्या अपेक्षेप्रमाणे उतरली नाही, तिला त्या अपेक्षेप्रमाणे करण्यासाठी केलेलं काम. यात दोन अटी आहेत, त्या लक्षात ठेवा. एक, काम करताना अपेक्षा ठरलेली होती. दोन, वस्तू तिच्यात बसली नाही. 'पुन्हा हात लावला' एवढंच पुरेसं आहे असं ही व्याख्या कुठेही म्हणत नाही.

आपल्या गल्लीतल्या शिंप्याला हे न शिकवता समजतं. एकच फ्रॉक त्याच्याकडे तीन वेळा आला असं धरा. पहिल्या वेळी खांदा उतरत होता, कारण माप घेताना चूक झाली होती. दुसऱ्या वेळी, वर्षभराने, पोरगी वाढली म्हणून उंची वाढवायची होती. तिसऱ्या वेळी बटण लावायला आला होता, आणि शिंप्याने बघितलं की काखेतली शिवण ताणली गेली आहे, म्हणून उसवायच्या आधीच आणखी एक टीप मारून दिली. तिन्ही वेळा तोच फ्रॉक, तेच मशीन, तोच अर्धा तास. पण पहिल्या वेळी शिंपी पैसे मागत नाही. दुसऱ्या वेळी मागतो आणि गिऱ्हाईक देतंही. तिसऱ्या वेळी केलेल्या कामाची कोणी नोंदही घेत नाही, पण फ्रॉक टिकतो तो त्यामुळेच. शिंप्याला रकाना नसतानाही तिन्हींतला फरक माहीत असतो. आपल्याकडे रकाना असतो, आणि तिन्ही कामं त्या एकाच रकान्यात जातात.

आता हेच कोडमध्ये पाहू. उदाहरण अगदी ताजं घेते.

२०२५ साली महालया २१ सप्टेंबरला होती. बंगालमध्ये महालया झाली की पूजा दाराशी आली असं समजतात. गडियाहाट, हातीबागान, न्यू मार्केट, सगळीकडे कपडे खरेदीची झुंबड उडते. आणि त्याच वर्षी, महालयेच्या दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. जीएसटी परिषदेने निर्णय जाहीर केला ३ सप्टेंबरला. म्हणजे हातात एकोणीस दिवस. तयार कपड्यांचं गणित असं बदललं: २०१७ पासून एका नगाची किंमत हजार रुपयांपर्यंत असेल तर पाच टक्के आणि त्याहून जास्त असेल तर बारा टक्के कर होता. आता अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे अठरा टक्के.

समजा, अशाच एका कपड्यांच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणारी एक मुलगी आहे, दोन वर्षांचा अनुभव असलेली. त्या महिन्यात तिने बिलाच्या एकाच फाइलमध्ये पाच बदल केले. पाचही बदल आपण एकेक करून बघू. किमती कर सोडून आहेत असं धरा.

पहिला बदल. हजारची मर्यादा अडीच हजार केली, बाराचे अठरा केले. हे रीवर्क आहे का? नाही. आधीचा कोड २१ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत अगदी बरोबर होता. कायदा बदलला. पोरगी वाढली, शिंपी चुकला नाही.

दुसरा बदल. नियम 'अडीच हजारांपर्यंत' असा आहे, म्हणजे अडीच हजार धरून. तिने घाईत 'अडीच हजारांपेक्षा कमी' असं लिहिलं. बरोब्बर अडीच हजारांच्या तयार कपड्यावर सव्वाशे रुपयांऐवजी साडेचारशे रुपये कर लागला. गिऱ्हाइकाकडून तीनशे पंचवीस रुपये जादा घेतले गेले. दुसऱ्या दिवशी तिने ते दुरुस्त केलं. हे रीवर्क आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. अपेक्षा लिहिलेली होती, कोड तिच्यात बसला नव्हता.

तिसरा बदल. २० सप्टेंबरला कोणीतरी दीड हजारांचा कुर्ता नेला, तेव्हाच्या बारा टक्क्यांनी एकशे ऐंशी रुपये कर भरला. २५ तारखेला तो परत आणला. परतावा मूळ बिलाच्या दराने द्यायला हवा. पण प्रोग्रॅम आजचा दर लावत होता, पाच टक्के, म्हणजे पंचाहत्तर रुपये. गिऱ्हाइकाला एकशे पाच रुपये कमी मिळत होते. ते सुधारलं. हे रीवर्क? हो. पण कोणाचं? तिला दिलेल्या कागदावर परत आलेल्या मालाबद्दल एक अक्षर नव्हतं. दुकानदाराने सांगितलं नाही आणि काम ठरवायला बसलेल्या कोणी विचारलंही नाही. चूक घडली ती प्रश्न विचारायच्या टेबलावर, कोडच्या ओळीत ती फक्त दिसली.

चौथा बदल. हे सगळं करताना तिच्या लक्षात आलं की हजार हा आकडा कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी लिहिलेला आहे. तिने तो सगळीकडून काढला आणि एका तक्त्यात ठेवला: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या किमतीला, कोणता दर. दुकानातल्या बिलात याने काहीही फरक पडला नाही. त्याच रकमा छापल्या गेल्या. याला रिफॅक्टरिंग म्हणतात. बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवून आतली रचना सुधारणं. मार्टिन फाउलर यांचं १९९९ सालचं या नावाचं पुस्तक आल्यापासून हा शब्द घरोघरी पोहोचला. हे काम रीवर्क नाही. शिंप्याने आपणहून मारलेली टीप आहे.

पाचवा बदल. दुकानदार म्हणाला, "जुन्या दराने किती कर लागला असता आणि आता किती वाचला, ते बिलावर छापा. गिऱ्हाईक खूश होईल." हे नवीन काम आहे. कागदावर आधी नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं.

पाच बदल, एकच फाइल, एकच मुलगी, एकच महिना. तिच्या टाइमशीटमध्ये मात्र पाचही बदल एकाच रकान्यात पडले: रीवर्क. तक्त्यावरून वाटेल की हिने पाच चुका केल्या. खरी तिची चूक एक. आणि ज्या चौथ्या बदलामुळे पुढच्या दरबदलाला एकोणीस दिवसांऐवजी एकोणीस मिनिटं पुरतील, तोही तिच्या नावावर दोष म्हणून चढला. पुढच्या वेळी ती तो करेल का, विचार करा.

ही विभागणी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. ई. बर्टन स्वॉन्सन यांनी १९७६ सालीच सॉफ्टवेअरच्या देखभालीचे तीन भाग केले होते. चुका दुरुस्त करण्यासाठी केलेले बदल, बाहेरची परिस्थिती बदलली म्हणून केलेले बदल, आणि सॉफ्टवेअर आणखी चांगलं व्हावं म्हणून केलेले बदल. जवळजवळ पन्नास वर्षं झाली. रीवर्क हा शब्द यातल्या फक्त पहिल्या भागाला शोभतो.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की २०१७ साली ज्याने हजार हा आकडा ठिकठिकाणी लिहून ठेवला, त्याचं काय? ती चूक नव्हती का?

इथे एक कसोटी लावावी लागते: लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होतं किंवा सहज कळू शकलं असतं? अडीच हजार हा आकडा २०१७ साली कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. पण कराचे दर कधी ना कधी बदलतात, हे आपल्या देशात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिंपी लहान मुलाचे कपडे शिवताना शिवणीत थोडं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो. मराठीत त्याला फार सुंदर शब्द आहे, माया. शिवणीत माया ठेवणं. पोर किती वाढेल ते शिंप्याला माहीत नसतं, पण वाढेल हे माहीत असतं. करासारख्या ठिकाणी कोडमध्ये माया ठेवायला हवी होती, हे खरं. आणि हेही खरं की प्रत्येक शिवणीत वीतभर माया ठेवली तर कपडा अंगावर नीट बसणार नाही. जे कधीच बदलणार नाही, त्यासाठीही सोय करून ठेवणारा कोड वाचणाऱ्याला छळतो.

पण एक शक्यता अशीही आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तारीख ठरलेली होती, दुकान त्या दिवशी उघडायचं होतं. टीमने समजून उमजून ठरवलं की आत्ता आकडे जागच्या जागी लिहू, मोकळा वेळ मिळाला की तक्ता करू. असा निर्णय घेता येतो. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली आर्थिक व्यवहारांच्या एका सॉफ्टवेअरबद्दल लिहिताना याला कर्जाची उपमा दिली. थोडं कर्ज काढलं की काम लवकर हाती येतं, पण ते फेडायला हवं, नाहीतर व्याज चढत जातं. कर्ज फेडणं म्हणजे कोड पुन्हा लिहिणं. आता सांगा, ठरवून काढलेल्या कर्जाचा हप्ता भरला, तर त्याला कोणी नुकसान म्हणतं का? नुकसान होतं ते हप्ता चुकवल्यावर. २०१७ चं कर्ज २०२५ पर्यंत कोणी फेडलं नाही, हा त्या टीमच्या नियोजनाचा दोष. शेवटी ज्या मुलीने ते फेडलं, तिच्या खात्यावर तो लिहायचा नाही.

आता एक पाऊल मागे जाऊ. आत्तापर्यंत आपण चालू असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल बोललो. पण जे अजून घडतंय, ग्राहकाच्या हातात गेलेलंच नाही, त्यातले बदल?

उत्तर कोलकात्यात कुमारटुली नावाची मूर्तिकारांची वस्ती आहे. दुर्गेची मूर्ती तिथे कशी घडते ते बघा. आधी बांबूचा आणि पेंढ्याचा सांगाडा. त्यावर चिकण मातीचा थर. तो वाळला की त्याला भेगा पडतात. मग कापडाच्या पट्ट्या पातळ मातीत भिजवून त्या भेगांवर बसवतात, वरून बारीक मातीचा हात देतात, मग रंग. पहिल्या थराला भेगा पडल्या म्हणून कोणी मूर्तिकाराची हजेरी कापत नाही. चिकण माती वाळली की तडकणारच, दुसरा थर द्यावा लागणारच, हे कामाच्या हिशोबातच धरलेलं असतं. पण रंग झाल्यावर मूर्ती हलवताना कोणाच्या धक्क्याने बोट तुटलं, तर ते रीवर्क.

आपल्याकडे पेणला साच्यातून गणपती काढतात. एकदा साचा ठरला की प्रत्येक मूर्ती तशीच यायला हवी. कान अर्धवट आला तर तो दोष, दुरुस्त करावा लागतो. कारखान्याचं गणित या साच्याच्या कामाला लागू पडतं. सॉफ्टवेअरमध्ये साच्यातून प्रती काढायचं काम कॉम्प्युटर क्षणात आणि फुकटात करतो. माणसाच्या वाट्याला उरतं ते साचा घडवायचं काम. साचा घडवताना थर चढतात, खरवडले जातात. पहिल्यांदा लिहिताना जे समजत नाही, ते लिहून चालवून बघितल्यावर समजतं. त्यातून होणारा बदल हा घडण्याचाच भाग असतो. कारखान्याची फूटपट्टी इथे लावली की गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आणि बदल टाळता येतो हा समजही सोडून द्यायला हवा. मॅनी लेहमन आयबीएमच्या मोठ्या ऑपरेटिंग सिस्टमचा अभ्यास करून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९७४ साली त्यांनी तिथे दिलेल्या व्याख्यानाच्या शीर्षकातच प्रोग्रॅम आणि शहरं शेजारी शेजारी होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसांच्या व्यवहारात वापरला जाणारा प्रोग्रॅम सतत बदलावा लागतो, नाहीतर तो दिवसेंदिवस कमी उपयोगाचा होतो. आणि बदलताना मुद्दाम मेहनत घेतली नाही, तर त्याची गुंतागुंत वाढत जाते. कोलकात्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच शहराचं उदाहरण घ्या. १ जानेवारी २००१ पासून कलकत्ता अधिकृतपणे कोलकाता झालं. शहराचं नाव छापणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला हात लावावा लागणार होता. हे रीवर्क नाही, नाव सरकारने बदललं. पण हे काम 'जुना शब्द शोधा, नवा शब्द घाला' अशा एका फटक्यात करायला गेलात तर पंचाईत. कारण उच्च न्यायालय आजही कलकत्ता उच्च न्यायालयच आहे. विद्यापीठ कलकत्ता विद्यापीठच आहे. आयआयएमच्या नावातही कलकत्ताच आहे. विमानतळाचा कोड सीसीयू आहे तसाच. मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल: शहर मुंबई, पण हायकोर्ट बॉम्बे आणि आयआयटीही बॉम्बे. घाईघाईने सरसकट बदल केला आणि न्यायालयाचं नाव चुकीचं छापून गेलं, तर ती दुरुस्ती मात्र रीवर्क. बघा, एकाच कामात दोन्ही आलं. शहराचं नाव बदलणं रीवर्क नव्हतं, बदलताना केलेली चूक निस्तरणं रीवर्क होतं. एकाच दिवशी, एकाच फाइलमध्ये. म्हणून फाइल किंवा तारीख बघून काही ठरत नाही. कारण विचारावं लागतं.

योगायोग असा की त्याच महिन्यात, जानेवारी २००१ मध्ये, बॅरी बोएम आणि व्हिक्टर बॅसिली यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्यातलं एक वाक्य पुढे जगभर पसरलं. सॉफ्टवेअर प्रकल्पांची सुमारे ४० ते ५० टक्के मेहनत टाळता येण्याजोग्या रीवर्कमध्ये जाते, असं ते होतं. आता हा आकडा सादरीकरणात दाखवताना बऱ्याचदा एक शब्द गळून पडतो: 'टाळता येण्याजोग्या'. तो गळला की वाक्याचा अर्थच फिरतो. लेखकांचा रोख होता उशिरा सापडणाऱ्या चुकांवर, अर्धवट विचारलेल्या गरजांवर. म्हणजे आपल्या उदाहरणातला दुसरा आणि तिसरा बदल. पडद्यावर मात्र असं दिसतं की कोडला पुन्हा हात लावणं म्हणजे निम्मी मेहनत पाण्यात.

मग माणसं काय करतात? हात लावणं बंद करतात. जुना कोड सुधारण्याऐवजी त्याची नक्कल करून शेजारी नवीन लिहितात, कारण नवीन कोड 'डेव्हलपमेंट'मध्ये मोजला जातो. दोन नकला होतात, मग चार. पुढचा दरबदल आला की चारही ठिकाणी बदल करावा लागतो आणि एक ठिकाण हमखास राहतं. म्हणजे रीवर्क कमी दाखवायच्या नादात खरं रीवर्क वाढतं. दुसरं म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासताना लोक गप्प बसतात. 'इथे पेक्षा कमी नको, पर्यंत हवं' असं सांगितलं तर त्या बिचारीच्या नावावर रीवर्क चढेल, म्हणून कोणी बोलत नाही. दोन मिनिटांत दुरुस्त झाली असती ती चूक मग दुकानात, तो कपडा घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर उघडी पडते.

आणि हात न लावलेला कोड सुरक्षित असतो असंही नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपचं नवीन रॉकेट पहिल्या उड्डाणात साधारण चाळीस सेकंदांत नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला कोड एरियान ४ वरून जसाच्या तसा आणला होता. जुन्या रॉकेटवर तो उत्तम चालला होता. नवं रॉकेट सुरुवातीपासूनच जास्त आडव्या वेगाने जाणारं होतं. तो वेगाशी संबंधित आकडा ठरलेल्या १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. गंमत म्हणा की दुर्दैव, कोडच्या त्या भागाची उड्डाणानंतर नव्या रॉकेटला गरजही नव्हती. चालतंय ना, मग कशाला हात लावा, या विचाराची ही किंमत.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. काही टीम्सनी उलटा रस्ता धरला आहे. तिथे रीवर्क हा शब्दच उच्चारत नाहीत. सगळं 'सुधारणा', सगळी 'पुढची आवृत्ती'. अडीच हजारांवरची चूकही सुधारणा आणि परताव्याचा घोळही सुधारणा. ग्राहकाला त्याचं वेगळं बिलही लावलं जातं. हे बरोबर नाही. गवंड्याने बांधलेली भिंत पहिल्याच पावसात कलली, तर ती त्याने स्वखर्चाने उभी करून द्यायची असते. कोकणात दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारतात, त्याचे पैसे घरमालक देतो, आणि ती गवंड्याची चूक आहे असं कोणी म्हणत नाही. कललेल्या भिंतीला शाकारणी म्हणणारा गवंडी गावात टिकत नाही. खऱ्या रीवर्कला नाव दिलं नाही, तर ते कुठून येतं तेही शोधता येत नाही, आणि तीच चूक पुढच्या दरबदलाला पुन्हा होते.

मग करायचं काय? तीन प्रश्न विचारायचे. कोडमध्ये बदल नोंदवताना एक ओळ लिहावीच लागते, त्यातच उत्तरं लिहायची.

पहिला प्रश्न: हा कोड लिहिला त्या दिवशीच चुकीचा होता का? नसेल, तर विषय संपला. ते रीवर्क नाही. जग बदललं, आपली समज वाढली किंवा आपण रचना सुधारली.

दुसरा प्रश्न: असेल, तर बरोबर काय ते त्या दिवशी कोणाला माहीत होतं? लिहिलेलं होतं आणि तरी चुकलं, तर ती कोड लिहिण्यातली आणि तपासण्यातली चूक. लिहिलेलंच नव्हतं, पण विचारलं असतं तर कळलं असतं, तर ती गरजा समजून घेण्यातली चूक. कोणालाच कळणं शक्य नव्हतं, तर ती चूक नव्हेच, ते शिकणं आहे.

तिसरा प्रश्न: ही चूक याच्या आधी कुठे पकडता आली असती? सहकाऱ्याच्या तपासणीत, टेस्टमध्ये, की दुकानदाराशी बोलताना? या उत्तरांची महिनाअखेरीस बेरीज करा. माणसांच्या नावांची बेरीज करू नका. 'गरजा विचारताना परत आलेला माल दर वेळी राहून जातो' हे कळलं, तर पुढच्या वेळी विचारायच्या यादीत एक ओळ वाढवता येते. 'अमुक मुलीचे पाच' हे कळून कशातही सुधारणा होत नाही.

आणि एक छोटी सवय. एकाच वेळी दोन कारणांचे बदल नोंदवू नका. नियमाचा बदल वेगळा, रचनेची सुधारणा वेगळी, चुकीची दुरुस्ती वेगळी. मग हिशोब आपोआप स्वच्छ राहतो.

काही साधनं आजकाल लिहिल्यापासून थोड्याच आठवड्यांत बदललेली ओळ रीवर्क म्हणून आपोआप मोजतात. त्या आकड्यावर विसंबू नका. ओळीचं वय कळलं, बदलाचं कारण कळलं नाही. त्यापेक्षा 'डोरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासगटाने २०२४ च्या अहवालात रीवर्कचं जे माप आणलं, ते शहाणपणाचं वाटतं. वापरणाऱ्याला दिसलेली चूक सुधारण्यासाठी, आधी ठरलेलं नसताना, किती वेळा नवी आवृत्ती पाठवावी लागली, ते मोजायचं. यात कोडला किती वेळा हात लावला याचा संबंधच नाही. लेहमन यांचं म्हणणं मान्य करूनही खऱ्या चुका मोजता येतात, ते अशा मापाने.

तेव्हा मॅनेजर मंडळींना माझं सांगणं एवढंच. पुढच्या महिन्यात तो तक्ता उघडाल, तेव्हा रीवर्कच्या रकान्यातले पहिले दहा बदल घ्या आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारा: लिहिला त्या दिवशीच हा कोड चुकीचा होता का? जिथे उत्तर 'नाही' येईल, ते तास त्या रकान्यातून काढा आणि ज्याच्या अप्रेझलमध्ये ते गेलेत तिथूनही काढा. आणि नवीन लागलेल्या मुलामुलींना सांगते, तुमचा बदल कोणत्या कारणाने केला ती एक ओळ लिहायचा कंटाळा करू नका. कारण लिहिलेलं नसेल, तर तक्ता बनवणारा स्वतःच्या मनाने लिहितो.

तुमच्या टीममध्ये हा शब्द कसा वापरतात, ते खाली जरूर लिहा. पुढच्या भागात भेटू.